आधी खाट वर घ्या

निवृत्त झालेल्या आम्ही नर्सेस कुठे भेटलो की पहिला अर्धा तास कंबर आणि गुडघे यांच्यावर जातो. सुना, जावई, पेन्शन हे विषय त्यानंतर. मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात माझी नोकरी झाली, आधी मेडिसिनच्या वॉर्डात आणि मग हाडांच्या. नर्सचं काम म्हणजे सुई टोचणं, असा लोकांचा समज असतो. सुया टोचल्याच, पण त्याहून जास्त वेळ गेला तो माणसं हलवण्यात. पेशंटला कुशीवर वळवा, उशीकडे सरकवा, खाटेवरून ट्रॉलीवर घ्या, ट्रॉलीवरून एक्स-रेच्या टेबलावर, आणि फोटो हलला म्हणून परत एकदा. या हलवाहलवीनं जे शिकवलं ते लिहिते आहे. माझी स्वतःची कंबर नमुना म्हणून दाखवण्यासारखी आहे, असं मात्र कुणी समजू नये.

१. कंबर ज्या दिवशी धरते, त्याच दिवशी ती बिघडलेली नसते. आमच्यातली एक दणकट सिस्टर जमिनीवर पडलेलं पेन उचलायला वाकली आणि तशीच राहिली. सरळ होता येईना. रजेच्या अर्जात तिनं खरं तेच लिहिलं, ‘पेन उचलताना’. तो अर्ज वाचून ऑफिसातले कारकून पुढे कित्येक दिवस हसत होते. पण त्या पेनाआधी किती माणसं तिनं उचलली होती, हे अर्जात लिहायला रकाना नव्हता. मणक्यांमधली जी गादी आपण म्हणतो, तिला मोठ्या माणसात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. आजूबाजूला जे झिरपेल त्यावर तिचं पोषण चालतं, त्यामुळे झीज भरून यायला फार वेळ लागतो. वेदना कळवणाऱ्या नसा असतात त्याही तिच्या बाहेरच्या कडेपुरत्याच. आतून ती चिरत जाते आणि मालकिणीला पत्ता नसतो. म्हणून ‘मी रोज करते, मला काही होत नाही’ हे वाक्य ऐकलं की मला धास्तीच वाटते. ते मीही पुष्कळदा म्हटलेलं आहे, आणि चांगल्या ठणठणीत आवाजात.

२. वजन किती आहे यापेक्षा ते कुठे आहे, हे कंबरेला जास्त कळतं. भरलेली बादली अंगालगत धरून जिना चढता येतो. तीच बादली हात लांब करून धरायची म्हटलं तर दहा आकडे मोजणंही जड जातं. पाठीला सावरणारे स्नायू मणक्याच्या मागे साधारण पाच सेंटीमीटरवर असतात आणि पेशंट असतो पुढे अर्ध्या मीटरवर. दहा किलो तिथे पेलायचे तर स्नायूंना जवळपास शंभर किलोची ओढ लावावी लागते. शिवाय आपलं वाकलेलं धड कुणी तोलायचं? तेही त्यांनीच. खाटेच्या पलीकडच्या कडेला चादर खोचायला आपण जे लांबून वाकतो, ते दिसायला हलकं काम, पण कंबरेच्या हिशेबात महाग. यावर साधा उपाय म्हणजे कठडा खाली पाडायचा आणि एक गुडघा सरळ खाटेवर टेकवायचा. आमच्या काळी मेट्रनबाई राउंडला आल्या की ते गुडघे झटकन खाली यायचे. नर्सनं खाटेवर चढणं शिस्तीत बसत नव्हतं. कंबरा गेल्या, शिस्त मात्र राहिली.

३. पोत्याचं वजन कमी करता येतं, माणसाचं नाही. हा धडा मला सासऱ्यांमुळे मिळाला. तात्या पाटण तालुक्यातून मुंबईला आलेले आणि मस्जिद बंदरला माथाडी म्हणून राबलेले. आमच्याकडे वाकण्याच्या पद्धतीचं प्रशिक्षण झालं, तेव्हा मी घरी येऊन हॉलमध्ये खोकं ठेवून त्यांना प्रात्यक्षिक दाखवलं. गुडघे वाकवा, पाठ ताठ, वजन छातीशी. तात्यांनी शांतपणे पाहून घेतलं आणि म्हणाले, “सूनबाई, उचलायचं कसं ते मागनं सांग. आधी पोत्यात किती हाय ते इचार.”

त्यांच्या उमेदीत पोतं शंभर किलोचं असायचं आणि ते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ साली या विषयावर करार केला आणि त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषानं उचलायच्या वजनाची मर्यादा ५५ किलो धरली. महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला १९६९ साली. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली संघटना होती. पन्नास किलोच्या वरच्या गोणीला हात लावणार नाही, या मागणीवरून वाशीच्या बाजारात काम थांबल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तात्यांच्या पिढीनं कंबर वाचवली ती वाकायची पद्धत सुधारून नव्हे, पोतं लहान करून घेऊन.

आता पेशंटचं काय करायचं? शहाऐंशी किलोच्या गृहस्थांना ‘दोन हप्त्यांत या’ असं थोडंच सांगता येतं! अमेरिकेत कामाच्या जागेवरच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. तिच्या १९९१च्या सूत्रात सगळं काही अनुकूल असताना दोन हातांनी उचलायची मर्यादा २३ किलो आहे. पेशंटच्या बाबतीत तिथल्याच थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली ती १६ किलोवर आणली, कारण माणसाला धरायला मूठ नसते, तो मध्येच हलतो, घाबरून गळ्याला मिठी मारतो. माणसाचा एक अख्खा पाय त्याच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास भरतो. म्हणजे त्या शहाऐंशी किलोवाल्यांचं ड्रेसिंग होईपर्यंत सिस्टर नुसता पाय धरून उभी असते, तेव्हाही तिच्या हातात चौदा किलो असतात. डॉक्टर म्हणतात, “सिस्टर, जरा वर.” (घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या घरात जातो. तो खांद्यावर घेऊन चौथ्या मजल्यावर आलेल्या माणसाला आपण पाणी तरी विचारतो का, हे मी हल्ली स्वतःलाच विचारते.)

४. नुसतं शिकवून कंबर वाचत नाही, हे वाचलं तेव्हा मला जरा अपमान झाल्यासारखंच वाटलं. पुढे वॉर्डातल्या नव्या पोरींना हे सगळं शिकवायचं काम माझ्याकडे आलं होतं आणि मी ते हौसेनं करत होते. मुलाच्या लॅपटॉपवर फिनलंडमधल्या संशोधकांचा एक आढावा दिसला, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००८ साली आलेला. उचलण्याच्या पद्धतीचं प्रशिक्षण आणि सल्ला यांनी पाठदुखी टळते, असा पुरावा त्यांना मिळाला नाही, सोबत उचलायची साधनं दिली असतानाही नाही. पट्ट्याची तीच गोष्ट. निरोगी माणसानं कामावर कंबरपट्टा बांधल्यानं इजा टळते असं म्हणायला पुरेसा आधार नाही, हे नायॉशनं १९९४ सालीच सांगून ठेवलं होतं. आमच्याकडे मात्र पट्टा म्हणजे बहादुरीचं पदक. तो बांधला की माणूस दुप्पट वजनाला हात घालतो.

थोडा विचार केल्यावर मला त्या आढाव्याचं आश्चर्य वाटेनासं झालं. पोस्टरवरच्या माणसाच्या हातात कायम चौकोनी खोकं असतं, भोवती मोकळी जागा असते आणि त्याला कसली घाई नसते. रात्रपाळीला दोन सिस्टर, एक मावशी आणि भरलेला वॉर्ड, अशा वेळी कुणाला गुडघे आठवतील? साधनं आली तरी ती कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली दिवसपाळीच्या इन्चार्जकडे. खोकंवाल्या माणसाचं पोस्टर लावायचंच असेल तर ते खरेदी विभागात लावावं. खाटा तिथे ठरतात.

५. सगळ्यात मोठा फरक खाटेच्या उंचीनं पडतो. एवढी साधी गोष्ट, पण ती मला कुठल्याही पुस्तकानं नीट ठसवली नाही. ती ठसवली एका नव्या खाटेनं. कुणा दात्यानं वॉर्डाला हँडल फिरवून उंची बदलणारी एक खाट दिली होती. त्या खाटेवरच्या पेशंटचं स्पंजिंग करायला सगळ्याजणी पुढे. त्याची सेवा इतकी झाली की शेजारचे पेशंट विचारू लागले, “हे कोण मोठे साहेब आहेत?” साहेब कुणी नव्हते. बिचारे नाक्यावर वडापावची गाडी लावायचे. आमच्या कंबरेला ती खाट सोसत होती, एवढंच. बाकीच्या लोखंडी खाटा एकाच उंचीच्या, माझ्यासारख्या पाच फुटीलाही वाकायला लावणाऱ्या आणि सहा फुटी वॉर्डबॉयला तर चौकोनात दुमडणाऱ्या. पावसाळ्यात वॉर्ड भरून वाहू लागला की जमिनीवर गाद्या पडायच्या. जमिनीवरच्या पेशंटला सलाइन लावताना, बेडपॅन देताना, वळवताना कंबरेचं काय होतं, त्याचं सूत्र मला तरी माहीत नाही. तिथे गुडघ्यावर बसणं हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग. मग गुडघे जातात.

उंचीचा अंदाज सोपा आहे. पेशंटला सरकवायचं असेल तर गादी आपल्या कंबरेच्या आसपास यावी. दोघी मिळून करणार असू तर ठेंगणीच्या कंबरेपाशी आणायची की उंच असणारीच्या, यावर आमच्यात वाद होत. मी ठेंगणी, त्यामुळे माझं मत काय होतं ते सांगायला नको. पण उंच मुलगी वाकून ओढते आणि तिची ओढ लांबून लागते, म्हणून खाट तिच्या बाजूनं थोडी झुकती ठरवावी, असं आता वाटतं. आपल्या पायाखाली पाट घेता येतो, तिला पाय कापून थोडेच ठेवता येतात! आणि हँडलात तेल. दात्याची ती खाट वर्षभरात गंजली, तेव्हा वर्कशॉपला पाठवलेली चिठ्ठी कुठे गेली कुणास ठाऊक. शेवटी आमच्या मावशींनी घरून शिवणाच्या मशीनचं तेल आणलं.

६. उचलण्यापेक्षा सरकवावं, आणि सरकवण्याआधी पेशंटला विचारावं. अर्धवट बसवलेला पेशंट दर दोन तासांनी पायथ्याकडे घसरतो आणि त्याला परत उशीकडे घेणं हे वॉर्डातलं सगळ्यात जास्त वेळा होणारं ओझ्याचं काम. ते हलकं करण्याच्या युक्त्या अगदी किरकोळ आहेत. पेशंटला चालत असेल तर डोक्याकडची बाजू आधी सपाट करायची, नाहीतर आपण माणूस चढावर ओढत असतो. खाटेच्या चाकांना ब्रेक लावायचा. ओढायच्या ड्रॉ-शीटची कड गुंडाळत त्याच्या अंगापर्यंत आणायची, म्हणजे पकड जवळ येते. खालचं रबरी मॅकिन्टॉश पेशंटला चिकटलेलं असतं, ते सोडवायचं. परदेशी रुग्णालयांत यासाठी गुळगुळीत नायलॉनची चादर असते. ती नसेल तिथे ड्रॉ-शीटखाली मोठी प्लास्टिकची पिशवी घातली तरी माणूस लोण्यासारखा सरकतो. काम झाल्यावर ती आठवणीनं काढायची, नाहीतर तो रात्री एकटाच सरकतो.

पण या सगळ्याच्या आधी विचारायचं. “आजोबा, गुडघे दुमडा, टाचा रोवा, मी सांगितलं की रेटा.” निम्मी माणसं निम्मं काम स्वतः करतात. आपण त्यांना न विचारता गाठोड्यासारखं हलवतो, कारण विचारायला अर्धं मिनिट लागतं. एका आजोबांनी असं रेटून स्वतःला उशीपर्यंत नेलं आणि मग दिवसभर जो येईल त्याला ते सांगत होते. त्यांना आठवडाभरात स्वतःहून करता आलेलं ते पहिलंच काम होतं. मला वाटत होतं, मी माझी कंबर वाचवते आहे.

७. ‘एक, दोन, तीन’ हा फार धोक्याचा मंत्र आहे. अर्धे लोक ‘तीन’ म्हणताना उचलतात आणि अर्धे ‘तीन’ म्हणून झाल्यावर. मधल्या क्षणी सगळा पेशंट ज्याच्या वाट्याला येतो, त्याला लचक भरते. मोजणारा एकच हवा, शक्यतो डोक्याकडचा, आणि शेवटचा शब्द क्रियापदच हवा: “तयार, धरा, सरकवा.” आमच्या वॉर्डात काम करणाऱ्या एका मामांना मोजायची भारी हौस होती, पण ते कधी तीनवर थांबत, कधी पाचवर. त्यांना आम्ही पायाकडे उभं करायचो.

८. काखेत हात घालून ओढणं दोघांनाही नडतं. ही सवय नातेवाइकांची, आणि घाईच्या वेळी आमचीही. अर्धांगवायू झालेल्याचा लुळा खांदा सांध्यातून उतरू शकतो. त्याला बोलता येत नसेल तर तो सांगणार तरी कसा? आणि ओढणाऱ्याची पाठ त्याच क्षणी वाकलेली आणि पिळलेली असते. पेशंटचे हात आपल्या गळ्यात घेणं हेही तसंच. दिसायला फार मायेचं दिसतं. तो घसरला तर मात्र त्याचं सगळं वजन आपल्या मानेवर. पेशंट खाली पडू लागलाच तर झेल घ्यायला जाऊ नये, हे शिकायला मनाची फार तयारी लागते. आधार देत हळूहळू जमिनीवर टेकू द्यावा, मग चारजणांना हाक मारावी. हे मला पूर्णपणे कधीच जमलं नाही. हात आपोआप पुढे जातात.

९. सकाळी उठल्याउठल्या कंबर सर्वांत कच्ची असते. रात्रभर आडवं झाल्यावर मणक्यांच्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणूनच सकाळी आपण सेंटीमीटरभर उंच असतो. या फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त पडतो. आता घरोघरी काय चालतं ते बघा. पहाटे मुलगी किंवा सून डोळे चोळत उठते आणि पहिलं काम म्हणून अंथरुणातल्या म्हाताऱ्या माणसाचे कपडे बदलायला वाकते. तिला कुणी सिस्टर म्हणत नाही, रजा नसते आणि दुखलं तर ‘या वयात काय कंबर दुखते’ हे ऐकावं लागतं. तिनं आधी चहा घ्यावा, घरात चार फेऱ्या माराव्यात. ओली चादर अर्धा तास थांबू शकत असेल तर थांबू द्यावी.

१०. वॉर्डात सगळ्यात जास्त वजन तो उचलतो ज्याचं दुखणं कुणी लिहून घेत नाही. आमच्याकडे कंत्राटी मावशी आणि मामा होते. लिफ्ट बंद पडली की जेवणाची पातेली, मळक्या कपड्यांची बोचकी, सगळं जिन्यानं. ऑक्सिजनचा जम्बो सिलिंडर रिकामा असला तरी पन्नास किलोच्या वर भरतो. तो तिरपा करून कडेवर गडगडत नेण्याची कला या लोकांची, आम्ही नुसत्या बाजूला व्हायचो. कंबर दुखते म्हणून सांगितलं तर खाडा लागेल किंवा उद्या दुसरी बाई येईल. म्हणून ड्युटीवर येण्याआधी बाम चोळायचा आणि पदर घट्ट खोचायचा. त्यांच्या बोलण्यात ‘उसण’ एवढाच शब्द, आणि त्यात चार-पाच वर्षांचं दुखणं मावायचं. इजांच्या नोंदी कमी दिसल्या की व्यवस्थापन खूश होतं. मला तर कोऱ्या रजिस्टरची जास्त भीती वाटते.

११. कंबर धरल्यावर फळीवर पडून राहायचं, ही आमच्या पिढीची श्रद्धा आता मोडीत निघाली आहे. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी साध्या पाठदुखीच्या रुग्णांमध्ये दोन दिवसांची आणि सात दिवसांची विश्रांती ताडून पाहिली. दोन दिवसवाले लवकर कामावर गेले आणि बरं होण्यात मागे पडले नाहीत. मला मात्र एकदा लचक भरली तेव्हा तात्यांनी फळी आणलीच. ती फळी पलंगाला बसेना, म्हणून दोन दिवस त्यांनी आणि माझ्या नवऱ्यानं सुताराच्या शोधात घालवले. तोवर मी स्वयंपाकघरात उभी राहून बरी होत आले होते. पाय लुळा पडू लागला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. बाकी ‘मणक्यात गॅप आहे’ असं एक्स-रे बघून कुणी म्हणालं, म्हणून आयुष्यभर घाबरून राहू नये. माझ्या वयात गॅप नसलेला मणका शोधून दाखवावा.

१२. घरच्या पेशंटसाठी खाट भाड्यानं आणताना दुकानदार ‘हँडलवाली आहे’ म्हणतो, त्यावर विसंबू नये. साध्या फाउलर बेडला दोन हँडल असतात, एक पाठ उचलतं आणि दुसरं गुडघे. त्यांनी पेशंटला बरं वाटतं, खाटेची उंची मात्र तिथेच राहते. अख्खी खाट वर-खाली करणारं हँडल वेगळं, आणि ते मागितल्याशिवाय मिळत नाही. भाडं थोडं जास्त पडतं. ते परवडत नसेल तर चार पायांखाली लाकडी ठोकळे घालता येतात, ठोकळ्यांना खळगा हवा आणि खाटेला चाकं नकोत. पण पेशंट स्वतः उठून बसणारा असेल तर ठोकळे काढून टाका. उंच खाटेवरून त्याचे पाय जमिनीला पुरत नाहीत आणि रात्री बाथरूमला जाताना तो पडतो. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या सासूबाईंसाठी विचारलं, तेव्हा मी तिसऱ्या हँडलाची खाट सुचवली. दुकानदारानं फोनवर विचारलं, “पण मॅडम, पेशंटला त्याचा काय उपयोग?” वहिनी म्हणाल्या, “पेशंटला नाही, मला हवंय.”